सुरुवातीच्या किमती

आमच्या घरात जेवताना फोन घ्यायचा नाही असा नियम आहे. तो बायकोने केलेला असल्यामुळे फक्त मला लागू आहे. ती विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते, आणि तिच्या विद्यार्थ्यांना अडचणी नेमक्या आम्ही पहिला घास तोंडात घालतो तेव्हा येतात. त्यातही तिच्या शेवटच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला जास्त. "हिच्यानंतर आता कोणालाही घेणार नाही," असं बायकोने जाहीर केल्यापासून मी त्या मुलीला शेंडेफळ म्हणतो. तिच्या तोंडावरही म्हणतो. ती हसते आणि मला काका म्हणते.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासतो, काचा बसवतो, लोक ज्यांवर बसून उठतात त्या दांड्या सरळ करून देतो. गणिताशी माझा संबंध नंबर लिहिण्यापुरता. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर काही ना काही कानावर पडतंच, आणि शेंडेफळाचा विषय तर माझ्या दुकानातूनच गेला होता.

विषय मला समजला तो असा. एखादी वस्तू किती दिवस टिकेल हे त्या एका वस्तूबद्दल कोणीच सांगू शकत नाही. पण तशा हजार वस्तू घेतल्या तर किती लवकर मोडतील, किती मध्यावर, किती अगदी शेवटपर्यंत तग धरतील, याचा एक वक्र काढता येतो. त्याला ही मंडळी वितरण म्हणतात. त्या वक्राला जुन्या रेडिओसारखे कान असतात, ते पिळले की वक्र हवा तसा वाकतो. कान हा माझा शब्द. बायको प्राचल म्हणते. जुन्या वितरणाला दोन कान होते आणि चष्म्याच्या बिजागऱ्यांपुढे त्या दोघांचं काही चालत नव्हतं. बिजागरी एकतर घडवतानाच बिघडलेली असते आणि नवी असतानाच मान टाकते, किंवा मग वर्षानुवर्षं मुकाट काम करते आणि म्हातारपणी जाते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या चष्म्यांची माहिती शेंडेफळाने गोळा केली आणि दोघींनी मिळून त्या वितरणाला तिसरा कान लावला. याला म्हणायचं वितरणाचा विस्तार.

"एवढ्यासाठी पीएचडी?" मी विचारलं होतं.

"कान लावायला महिना लागतो," बायको म्हणाली. "तो किती पिळायचा, हे शोधायला वर्षं जातात."

तो शोधायच्या पाच पद्धती आहेत. कोणती बरी, हे ठरवायचं म्हणजे स्पर्धा लावायची. आधी संगणकावर आपणच कानांच्या किमती ठरवायच्या, त्यावरून खोटा डेटा तयार करायचा, मग किमती लपवायच्या आणि पाचही पद्धतींना सांगायचं, शोधा. जी सगळ्यांत जवळ पोचेल ती जिंकली. पाचांपैकी एक होती अंतरांची पद्धत. शेजारशेजारच्या आकड्यांमध्ये किती अंतर पडलंय, यावर ती चालते. बायकोला ती स्वतः शिकत होती तेव्हापासून आवडायची. बाकीचं जग तिला फारसं विचारत नाही. बायको तिच्याबद्दल अशी बोलायची, जसं एखाद्या गुणी पण मागे पडलेल्या भाचीबद्दल बोलावं.

त्या दिवशी आम्ही जेवत होतो. शेंडेफळाचा फोन आला आणि बायकोचे हात गुंतलेले म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, अंतरांच्या पद्धतीचा शोध भरकटतोय. कधी उत्तर येतं, कधी कुठल्या कुठे जातो. शोध कुठून सुरू करू, सुरुवातीच्या किमती काय देऊ?"

"खऱ्याच दे ना."

"खऱ्या म्हणजे ज्यांच्यावरून डेटा तयार केलाय, त्याच?"

"हो. वेळ वाचेल."

"मग बाकीच्या चार पद्धतींनाही त्याच देऊ?"

"त्या चालतायत ना? मग त्यांना कशाला हात लावतेस?"

"पण मॅडम, असं केलं तर चालेल? म्हणजे तुलना..."

"अगं, सगळे करतात. लाव आणि चालू दे रात्रभर. माझं जेवण गार होतंय."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "हुशार आहे, पण फार शंका काढते." मी मान डोलावली. मला काय कळणार होतं? मी भाजी वाढून घेतली.

त्या स्पर्धेत भाची पहिली आली. नुसती पहिली नाही, बाकीच्यांना कुठल्या कुठे मागे टाकून. हे सांगायला बायको भर दुपारी दुकानात आली. गिऱ्हाईक समोर बसलं होतं तरी बोलत सुटली. इतकी वर्षं लोकांनी तिच्या पद्धतीला हसून घेतलं होतं आणि आता आकडे बोलत होते. त्यावर शोधनिबंध झाला, त्यात दोघींची नावं आली, बायकोचं आधी. घरी एक गोष्ट तीनतीनदा तपासल्याशिवाय कुलूप न लावणारी ही बाई, पण ते आकडे तिने पुन्हा तपासले नाहीत. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मीही खूशच होतो, कारण त्या निबंधात माझ्या दुकानातल्या बिजागऱ्या होत्या.

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. विद्यापीठात ही परीक्षा उघडी असते, कोणीही येऊन बसावं. मी दुकान बंद ठेवून गेलो. एक म्हणजे मला बघायचं होतं, आणि दुसरं म्हणजे कॅन्टीन बंद असल्याने चहाचा मोठा थर्मास कोणीतरी न्यायला हवा होता. वरच्या मजल्यावरची खोली. लिहायला फळी असलेल्या खुर्च्या, त्यांतल्या निम्म्यांच्या फळ्या मोडलेल्या. पडद्याच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टी. पुढच्या रांगेत विभागप्रमुख, बाहेरून आलेले परीक्षक आणि माझी बायको. मी मागच्या दाराशी थर्मासला धरून बसलो.

शेंडेफळाने मीच दिलेला चष्मा घातला होता. ती छान बोलली. सुरुवातीला आवाज जरा कापला, पण तिसऱ्या कानाचा भाग आला आणि गाडी रुळावर आली. मला तिचं कौतुक वाटलं. तिची नोकरीही ठरली होती. कृत्रिम गुडघे आणि खुबे किती वर्षं टिकतात ते तपासणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे. पदवीचा कागद आणि परीक्षकांचा अहवाल पोचला की रुजू व्हायचं. तिच्या आईने तिकडे खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, बोलायला मऊ. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. नाकाच्या गाद्या बदलायला झाल्या होत्या. पान उलटत उलटत ते एका तक्त्यावर थांबले.

"हे अंतरांच्या पद्धतीचे आकडे बघा," ते म्हणाले. "वीस नमुन्यांवर जितकी चूक, जवळजवळ तितकीच पाचशेंवर. बाकीच्या चारही पद्धती माहिती वाढेल तशा सुधारतात. ही जन्मतःच शहाणी दिसते. असं कसं?"

पुढे दोघं-तिघं हसले. बायकोही हसली.

"तुम्ही शोध कुठून सुरू केला होता?" परीक्षकांनी विचारलं.

शेंडेफळाने बायकोकडे बघितलं. "खऱ्या किमतींपासून, सर."

"सगळ्या पद्धतींना?"

"नाही, सर. हिलाच."

आता कोणी हसलं नाही. विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. परीक्षक म्हणाले, "म्हणजे हिने काही शोधलंच नाही. जिथे ठेवली तिथे बसून राहिली. हे तुम्ही का केलंत?"

शेंडेफळाने पुन्हा बायकोकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. मॅडम आता बोलतील, एवढंच होतं त्यात. दुकानात लहान पोरं डोळ्यांत थेंब घालायच्या आधी आईकडे बघतात, तशी ती बघत होती.

बायको खुर्चीतल्या खुर्चीत तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "असं का केलंस गं तू?"

आवाजात आश्चर्य होतं. खरं वाटावं असं आश्चर्य.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. मग वाटलं, आता ती पुढे काही म्हणेल, हसेल, "नाही नाही, मीच सांगितलं होतं," असं म्हणेल. ती काही म्हणाली नाही. शेंडेफळाने चष्मा काढला आणि ओढणीने पुसला. बराच वेळ पुसला. काचेला काहीही झालेलं नव्हतं.

"चुकलं माझं, सर," ती म्हणाली.

मी मागे थर्मास मांडीवर घेऊन बसलो होतो. उठून दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. मी उठलो नाही. मला बायकोची लाज वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त माझी, कारण तिला निदान घाबरायला कारण होतं. मग मी चहा ओतला. शेंडेफळाला कप द्यायला गेलो तर तिने "थँक यू, काका," म्हटलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

निकाल असा लागला की पदवी नाकारत नाही, पण तुलनेचा सगळा भाग नव्याने करायचा. परीक्षक अहवालात काय लिहितात ते त्यांच्यावर.

गाडीत बायको समोर बघत बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "म्हणजे झालं काय नेमकं?"

"सुरुवातच खऱ्या उत्तरापासून केली, तर पद्धत बरी की वाईट ते कळतच नाही."

"डोळे तपासायला रांगेत उभ्या माणसाने पुढच्याचं वाचन ऐकून अक्षरांचा तक्ता पाठ करावा, तसं."

"हो, तसंच."

माझ्या दुकानात हे रोज होतं. म्हणून मी तक्ता उलटीकडून वाचायला लावतो. पण मला तक्त्याबद्दल बोलायचं नव्हतं. "आणि तिने विचारलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही गाडी चालवा."

"मी टेबलावरच होतो गं."

"माहीत आहे मला तुम्ही कुठे होता ते." तिने पर्समधून रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला. "तोंडातून निघून गेलं. विचार करायच्या आतच गेलं. आणि एकदा गेल्यावर, सगळ्यांसमोर, परत कसं घ्यायचं?"

"तोंडाने घ्यायचं."

"विभागप्रमुख बसले होते. निबंधावर माझं नाव आहे. माझी सगळी वर्षं त्या पद्धतीत गेलीत." ती थांबली. "मला ते आकडे आवडले होते हो. म्हणून मी बघितलं नाही. आकडे वाईट आले असते तर मी दहा वेळा तपासले असते."

सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे घेतली.

अडचण अशी होती की परीक्षकांना रात्री आमच्याकडे जेवायला बोलावलं होतं. ते कधीच ठरलं होतं. आणि त्यांना गेस्टहाऊसवरून घेऊन यायचं काम शेंडेफळाकडे होतं. ती आता काही येत नाही असं आम्ही दोघांनी गृहीत धरलं. मी गाडीची किल्ली घेऊन निघतच होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात परीक्षक, आणि त्यांच्या मागे ती. हातात फुलं. दुपारचा निकाल आनंदाचा असता तर जी फुलं आणायची, ती आधीच सांगून ठेवली असणार.

"ये गं," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून आली, तिला बघितलं आणि तशीच आत वळली. भांडं शोधायला गेली म्हणे. फुलांचं भांडं तर दिवाणखान्यात होतं.

शेंडेफळ नेहमीसारखी पानं घ्यायला लागली. आमच्या घरात ताटं कुठे, चमचे कुठल्या खणात, तिला सगळं ठाऊक. बायको गॅसपाशी पाठ करून उभी. दोघी एकाच ओट्याजवळ वावरत होत्या आणि "मीठ", "पळी", "हे नेऊ?" याच्यापलीकडे शब्द नव्हता. तरी एकदा बायकोने तिच्या हातातून गरम भांडं काढून घेतलं. "भाजेल," एवढंच म्हणाली.

जेवायला चौघं बसलो. परीक्षक चांगले पाहुणे होते, जे वाढाल त्याला छान म्हणणारे. माझ्याकडून नाकाच्या गाद्यांबद्दल सल्लाही घेतला. मला वाटलं, निभावलं. पण माणूस मनाने मऊ होता, आणि मऊ माणसांना गोष्टी बोलून मोकळं व्हायची सवय असते.

"तुमच्यावर मी कडक झालो दुपारी," ते शेंडेफळाला म्हणाले. "पण मला अहवालात लिहावं लागणार. सकाळी ऑफिसात देऊन निघेन. काय आहे, चूक सगळ्यांकडून होते. पण एका पद्धतीला उत्तर सांगायचं आणि बाकीच्यांना नाही, ही साधी चूक नाही. ज्याला विषयाचा पाया कळलाय तो असं करत नाही. आता तुम्ही जिथे जाणार तिथे माणसांचे गुडघे आहेत. त्यांना हे कळायला हवं."

"हो, सर," शेंडेफळ म्हणाली.

"कोणी सुचवलं होतं का? कुठे वाचलं होतंत?"

मी बायकोकडे बघितलं नाही. मला बघवेना.

"नाही, सर," शेंडेफळ म्हणाली. "माझंच. मॅडमनी उलट बजावलं होतं, असं करू नकोस म्हणून. मी घाई केली."

हे तिने कशासाठी म्हटलं, याचा मी तेव्हापासून विचार करतोय. दया म्हणून नसावं. दुपारी मॅडमनी जे नाटक केलं ते तिने पूर्ण करून टाकलं, इतकं चोख की त्यात फट राहू नये. ती ताटाकडे बघत बोलली आणि मग तिने पाण्याचा घोट घेतला.

बायकोचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा गोरामोरा झाला. मग तिने तो घास ताटात परत ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "सर, ती खोटं बोलतेय. मीच सांगितलं होतं तिला. खऱ्या किमती दे म्हणून. फक्त त्याच पद्धतीला दे म्हणून. तिने मला विचारलं होतं, चालेल का, आणि मी म्हटलं सगळे करतात."

मला वाटलं, सुटलो. आता जे व्हायचं ते होवो.

परीक्षकांनी बायकोकडे बघितलं. त्यांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले, मी समोरच होतो.

"मॅडम," ते म्हणाले, "याला म्हणतात गाईड. मी आयुष्यात असे फार थोडे लोक बघितले."

"सर, तसं नाहीये."

"कळतं मला. दुपारी मी तुमचा चेहरा बघितला होता. तुम्हाला केवढा धक्का बसला होता ते सगळ्यांनी पाहिलं. आणि आता पोरीचं नुकसान होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय." ते शेंडेफळाकडे वळले. "बघा. त्यांनी बजावूनही तुम्ही ऐकलं नाहीत, आणि तरी त्या तुमच्या पाठीशी उभ्या आहेत. भाग्य लागतं."

"सर, दुपारी मी खोटं बोलले," बायको म्हणाली. आवाज चढला होता.

"पुरे आता," ते हसून म्हणाले. "मी काही तुमचं ऐकणार नाही. वाटल्यास अहवालात मार्गदर्शकांबद्दल दोन शब्द चांगले लिहितो. ते मात्र मला लिहू द्या."

शेंडेफळ हळूच म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना."

बायको जितकं सांगत गेली तितकी ती त्यांच्या नजरेत मोठी होत गेली. मी तिला इतक्या वर्षांत पुष्कळदा भांडताना पाहिलंय आणि ती कधी हरलेली मला आठवत नाही. त्या रात्री ती आपलाच अपराध सिद्ध करायला बघत होती आणि तिला ते जमेना. मधे एक क्षण असा आला की ती गप्प झाली. तो क्षण मी विसरणार नाही. तिच्या हातात सगळं होतं, सांगूनही झालं होतं, वर कौतुकही झालं होतं. ती तिथेच थांबली असती तर तिला कोणी खोटारडी म्हणू शकलं नसतं. मीसुद्धा नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही सांगा."

आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, पाहुण्यासमोर, बायको म्हणतेय की मी खोटी आहे असं सांगा. आणि ती विनंती करत होती. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"ह्या खरं बोलतायत," मी म्हणालो. बायकोला मी अहोजाहो का केलं, मला माहीत नाही. "म्हणजे ही. मी इथेच जेवत होतो. फोन स्पीकरवर होता. ही मुलगी म्हणाली, बाकीच्या चार पद्धतींनाही त्याच किमती देऊ का. ही म्हणाली, त्या चालतायत ना, मग त्यांना कशाला हात लावतेस. मुलगी म्हणाली, असं चालेल का. ही म्हणाली, सगळे करतात, लाव आणि चालू दे. मी सगळं ऐकलं. दुपारी मी मागे बसलो होतो, तेव्हाही मला हे माहीत होतं. मी बोललो नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते बायकोकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं कौतुक हळूहळू उतरत गेलं. ते बघणं मला सोसवेना, पण बायको नजर न हलवता समोर बसून ते बघत होती.

"म्हणजे दुपारचं ते आश्चर्य," ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"हो," बायको म्हणाली.

"मला अहवाल नव्याने लिहावा लागेल, मॅडम. त्यात तुमचा उल्लेख येईल. तुमच्या निबंधाबद्दलही लिहावं लागेल."

"लिहा. निबंध मी उद्याच मागे घेते."

"आणि ती तुलना पुन्हा करावीच लागेल हिला. ते सुटत नाही."

"मी करते तिच्याबरोबर," बायको म्हणाली. "तिला चालणार असेल तर."

यावर सगळ्यांनी शेंडेफळाकडे बघितलं. ती बसली होती तशीच बसून होती, हात मांडीवर. दुपारपासून ती एकदाही रडली नव्हती. आता तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"मी विचारलं होतं ना, मॅडम?" ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, मी विचारलंच नसेल. दुपारपासून मला तसंच वाटतंय. मी विचारलं होतं ना?"

बायको उठली. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीपाशी गेली, पण शेंडेफळाला हात लावायचं तिचं धाडस झालं नाही. ती नुसती बाजूला उभी राहिली.

"विचारलं होतंस," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा विचारलं होतंस."